सुताचं दुसरं टोक

२०२३ साल होतं. मला बाहत्तरावं लागलं होतं आणि मी अंबाबाईवर रुसलो होतो. शाळा तिसरीपर्यंत, अक्षरं खरी शिकलो ती दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत देवीचं एक लहान देऊळ आहे. नवरात्राच्या आधी त्याच्या फरशीवर मी दरवर्षी श्रीयंत्र काढायचो, चाळीसच्या वर वर्षं. त्या वैशाखात माझी मंडळी गेली आणि मी अंबाबाईच्या पायरीला जायचं सोडलं. यंत्र मात्र काढणार म्हणून सांगून बसलो. बायको गेली म्हणून याचा हात गेला, असं गल्लीनं म्हणू नये, एवढीच ईर्षा होती.

हे काम मला पाट्या रंगवायला शिकवणाऱ्या वस्तादांनीच शिकवलं. पुस्तक नाही, पट्टी नाही. निळीत भिजवलेलं सूत ताणायचं आणि फटका मारायचा, की फरशीवर निळी रेघ उठते. वस्ताद सांगायचे, खाली तोंड केलेले पाच त्रिकोण आईचे, वर तोंड केलेले चार शंकराचे. ते एकमेकांत शिरल्याशिवाय मधला ठिपका जागा होत नाही. अवघड काय, तर जिथं तीन रेघा भेटतात तो सांधा नेमक्या एकाच ठिपक्यावर जुळला पाहिजे. केसभर चुकलं की पुढचं सगळं फुटतं. सुताचं दुसरं टोक आमची मंडळी धरायची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून. नवरात्रभर तिच्या अंगठ्याची नीळ जायची नाही, आणि बायका विचारायच्या तेव्हा ती नुसती हसायची. मी म्हणायचो, टोक धरायला काय, वीटसुद्धा धरील.

त्या वर्षी वीटच ठेवली. घटस्थापनेला दोन दिवस होते. मी सकाळपासून तीनदा काढलं, तीनदा पुसलं. अलीकडचा सांधा जुळला की पलीकडचा तुटायचा. गल्लीतल्या नवरात्र मंडळाचा सुनील येऊन उभा राहिला. चाळिशीचा माणूस, जीभ सैल.

"काका, तयार स्टिकर मिळतोय. तासात चिकटवतो."

"तुझ्या तोंडाला चिकटव."

"बरं, मग मी बसतो की जोडीला."

"तुला सुतातलं काय कळतंय? जा, मांडव बघ."

तो गेला. मी चौथ्यांदा मांडलं आणि तेही फुटलं. तेव्हा वाटलं, आईनं बायको नेली, आता हातही नेला. उद्या स्टिकर लागणार आणि आपण ते बघत बसणार.

दुपारी आजऱ्याची एक बाई आमच्या देवळाच्या पायरीवर सावलीला टेकली होती. अंबाबाईचं दर्शन घेऊन एसटी स्टँडकडं निघालेली. बराच वेळ बघून म्हणाली, "दादा, विटेला डोळं असतात व्हय?"

मी सूत परत निळीत बुडवलं.

"आमच्याकडं भाताचं रोप लावताना दोरी दोघी धरतात. पलीकडची नसली की ओळ वाकडीच जाती की."

आणि न विचारता ती आत आली, वीट बाजूला सारली, टोक धरून बसली. मी फटका मारणार, तोच म्हणाली, "थांबा. केसभर माझ्याकडं सरकू दे."

माझा हात तिथंच राहिला. हेच शब्द आमची मंडळी दरवर्षी म्हणायची आणि मी म्हणायचो, तू गप धर. ती गप धरायची, पण सूत तिला पाहिजे तिथंच सरकवत असणार, नाहीतर इतकी वर्षं सांधे जुळले कसे? माझ्या बाजूनं पलीकडचा सांधा दिसतच नाही. हे मला बाहत्तराव्या वर्षी कळलं. चष्मा पुसला आणि म्हणालो, "सांग बाई, किती सरकवू?"

नऊ त्रिकोण बसले. एकही सांधा फुटला नाही. बाहेरची चौकट तेवढी राहिली; ती आणखी थांबली असती तर तिची गाडी चुकली असती. पिशवी उचलून ती गेली. नाव विचारायचं राहिलं. आईच आली होती असं मी म्हणत नाही. आजऱ्याची बाई होती, तिला घर गाठायचं होतं. पण नेमक्या त्या दुपारी तिला त्या पायरीवर कुणी बसवलं, हेही मी विचारत नाही.

संध्याकाळी कितीतरी महिन्यांनी अंबाबाईपुढं उभा राहिलो. मागितलं काहीच नाही. एवढंच उमगलं, की देवीपुढं हात जोडणं मला कधी जड गेलं नव्हतं; माणसापुढं हात पसरणं जमत नव्हतं. आणि देवी शरण ये म्हणते ते बहुतेक तिथंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीलच्या दारात गेलो. तो दात घासत उभा होता. म्हणालो, "चूळ भर आणि चल. चौकट राहिलीया. टोक धरायला तू पायजेस."