पांढऱ्या बोटांची साक्ष

ती घटना आठवली की आजही मी आधी स्वतःच्या हातांकडे पाहतो.

मी मूळचा नागपूरचा. पत्नी कासलबारच्या रुग्णालयात डॉक्टर, म्हणून आम्ही आयर्लंडला आलो आणि पस्तिशीच्या उंबरठ्यावर मी इथल्या पोलीस दलात भरती झालो. अलीकडेच मुदतीआधी निवृत्ती घेतली. ही हकिकत मेयो परगण्यातल्या एका छोट्या ठाण्यातली आहे. नावे मुद्दाम देत नाही.

आमच्या हद्दीत बांधकामाची लहान यंत्रे भाड्याने देणारे एक आवार होते. हिवाळ्यात कामे मंदावली की यंत्रे शेडमध्ये विसावत. ती लावून ठेवण्याचे काम एका जुन्या चालकाकडे होते; एरवी वर्षभर तो जमीन ठोकणारे यंत्र चालवी. वय साठीजवळचे, बोलणे मोजके. माती खोदणाऱ्या मिनी-डिगरचे पट्टे धुऊन तो त्यांना लाकडी फळ्यांवर उभा करी, म्हणजे ते जमिनीला गोठून चिकटत नसत. बकेट खाली टेकवी, दट्ट्यांना ग्रीस लावी, डिझेलची टाकी काठोकाठ भरी.

जानेवारीतल्या एका सकाळी त्यातला एक डिगर नाहीसा झाला. यंत्राचा ठावठिकाणा कळवणारा ट्रॅकर मात्र शेडमधल्या फळीवर सापडला. त्याचे चारही बारीक स्क्रू काढून पुन्हा त्याच्याच भोकांत नीट बसवलेले होते.

दुपारपर्यंत आवाराचा फोरमन स्वतःहून ठाण्यात आला. उजाडता उजाडता आपण चालकाला शेडमध्ये पाहिले, तो डिगरवर वाकून उघड्या बोटांनी ते स्क्रू काढत होता, असा जबाब त्याने दिला. इतका तपशीलवार साक्षीदार तपास अधिकाऱ्याला क्वचित भेटतो. मी खूश झालो. खरे तर तिथेच सावध व्हायला हवे होते.

मालकाने चालकाकडून किल्ल्या काढून घेतल्या. गाव लहान, संध्याकाळपर्यंत सर्वांना ठाऊक झाले. चाळीस वर्षांची नोकरी आणि नाव, दोन्ही माझ्या अहवालावर टांगले गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जबाबासाठी बोलावले. इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. चौकशीच्या खोलीत हीटर होता. मी तो लावला नाही, आणि त्याला चाळीस मिनिटे तिथे बसवून ठेवले. नियमाच्या कोणत्याही कलमात ते बसले नसते, तरी केले. माणसाच्या तोंडाकडे नाही, हातांकडे पाहावे, असे मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवले होते. मी आत गेलो तेव्हा त्याचे हात थरथरत होते. मी पाहतो आहे हे लक्षात येताच त्याने ते टेबलाखाली घेतले. ट्रॅकरबद्दल विचारले की मान खाली. मी टिपणात लिहिले: हात कापतात, उत्तर टाळतो, घाबरलेला.

“स्क्रू तुम्ही काढलेत?”

“नाही, गार्ड.” इकडे पोलिसाला असेच हाकारतात.

“मग हात का लपवता?”

सही करायला पेन दिले, ते दोनदा खाली पडले.

तेवढ्यात ठाण्याच्या लेखनिक बाई चहा घेऊन आल्या. खोलीत पाऊल टाकताच त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला उठून हीटर लावावा लागला. चालकाने कप दोन्ही तळव्यांत धरला. त्याची तीन-तीन बोटे मधल्या पेरापर्यंत खडूसारखी पांढरी होती. माझ्यादेखत ती हळूहळू निळसर झाली, मग लाल. दहा मिनिटांनी त्याने पेन उचलले आणि स्वच्छ, ठाम सही केली. भीती चहाने इतक्या लवकर जात नाही, एवढे मला कळत होते.

घरी पत्नीला सांगितले. तिने जेवता जेवता विचारले, “जमीन ठोकायची मशीन चालवतो का तो? वर्षानुवर्षं हातात धक्के बसले की थंडीत बोटांचं रक्तच थांबतं. बटण लावता येत नाही माणसाला.” मग म्हणाली, “अहो, तो घाबरला नव्हता. गारठला होता. आणि गारठवलं तुम्ही.”



सकाळी गोठलेल्या दहिवरात मी त्याला शेडमध्ये घेऊन गेलो. शेजारच्या डिगरला तसाच ट्रॅकर होता. म्हटले, स्क्रू काढून दाखवा. हातमोजे काढताच बोटे पांढरी पडली. स्क्रू ड्रायव्हर तीनदा निसटला, एकही स्क्रू फिरला नाही. मग त्याने कोटाच्या आतल्या खिशातून रुग्णालयाचे, बोटांच्या याच आजाराचे पत्र काढले. दोन वर्षांपूर्वीचे, घडीवर विरलेले.

“हे काल का नाही दाखवलंत?”

“दाखवलं असतं तर मालकाने मशीनवरून उतरवलं असतं. चोर म्हणून घरी जायचं की आजारी म्हणून, एवढंच ठरवायचं होतं मला.”

“मग आज का?”

“काल तुम्ही चहा संपेपर्यंत थांबलात.”

पत्राची नक्कल घेऊन मी फोरमनला बोलावले. हीटर आधीच लावला होता. हक्क वाचून दाखवले आणि जबाब पुन्हा सांगायला लावला. हातमोजे होते का, असे विचारले. तो ठासून म्हणाला, “मुळीच नाही. बोटं स्पष्ट दिसत होती. भराभर काढले त्याने.” मी पत्र त्याच्यापुढे सरकवले. त्याने ते दोनदा वाचले. रोज ज्याच्यासोबत चहा घेतला, त्याच्या हातांकडे त्याने कधी नीट पाहिले नव्हते. मीही एक दिवस नीट पाहिले नव्हते. फरक फार मोठा नाही. अर्ध्या तासात त्याने चोरी कबूल केली आणि डिगर लपवल्याची जागा सांगितली.

डिगर बारा मैलांवरच्या एका पडीक शेडमागे निघाला. फोरमनने तो उघड्यावर, चिखलात सोडला होता. पट्टे गोठून जमिनीशी एक झालेले. ओढायला आणलेला ट्रॅक्टर जागेवरच घसरला. शेवटी मालकाने खाली मान घालून चालकाला फोन केला.

तो जाड हातमोजे घालून आला. डिगरभोवती एक फेरी मारली. “फळ्यासुद्धा नाहीत. यासाठी वेगळा खटला भरा, गार्ड.” इंजिन लावून त्याने ते पंधरा मिनिटे नुसते चालू ठेवले, तेल गरम होईपर्यंत कोणालाही जवळ येऊ दिले नाही. मग बूम, म्हणजे डिगरचा लांब हात, बाजूला वळवून बकेट जमिनीवर दाबली. एक बाजू उचलली गेली, पट्टा कडकड करत सुटला. मग दुसरी. डिगर स्वतःच्या ताकदीने चिखलातून बाहेर आला आणि आम्ही सगळ्यांनी, वर्दीतल्यांनीही, टाळ्या वाजवल्या. मालकाने तिथेच किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या. जमीन ठोकणारे यंत्र त्याला पुन्हा चालवू दिले नाही. डिगर आणि शेड मात्र त्याचीच राहिली.

मी सर्वांसमोर त्याची माफी मागितली. खोली थंड का होती, तेही सांगितले.

“असू द्या, गार्ड,” तो म्हणाला. “पण माझी शेड तुमच्या ठाण्यापेक्षा ऊबदार असते.”

हात बोलतात, हे मी शिकलो होतो. ते काय बोलतात हे आपण आधीच ठरवून बसतो, हे त्या माणसाने शिकवले. त्यानंतर सेवेत जितक्या चौकशा केल्या, त्या सगळ्या चहा देऊनच सुरू केल्या, आणि खरी उत्तरे अधिक मिळाली. निवृत्तीच्या दिवशी माझ्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती कपाटाच्या किल्ल्या दिल्या, प्रलंबित फायली समजावल्या. मग त्याला चौकशीच्या खोलीत नेले आणि हीटरचे बटण कुठे आहे, ते दाखवले.