डॉक्टर म्हणाला, गावठी

गुडघे दाखवायला दवाखान्यात जाते तेव्हा मी डॉक्टरला प्रत्येक शब्द दोनदा म्हणायला लावते. तो वैतागतो. वैतागू दे. एक शब्द मी एकदाच ऐकला होता आणि त्याची शिक्षा मला झाली नाही, माझ्या बाला झाली. तेव्हापासून मी अशी चिवट झाले आहे.

थळच्या बाजूला आमचा कोळीवाडा. बा तांडेल होता. मचवा त्याचा, सुकाणू त्याच्या हातात आणि पाच खलाशी त्याच्या शब्दावर. आई मी दहा वर्षांची असताना गेली. मला भाऊ नाही, बहीण नाही. बा तरुणपणी पीत असे. आमच्याकडे कोण पीत नव्हतं? पण आईला पोहोचवून घरी आला, त्या दिवशी त्याने सोडली ती सोडलीच. सरकारची दारूबंदी आली ती त्याच्यानंतर. "सरकार माझ्या मागशी आला," असं तो हसून सांगायचा. या एका गोष्टीचा त्याला फार अभिमान होता आणि त्याच्यापेक्षा जास्त मला होता.

मी सतरा वर्षांची होते. पावसाळा संपून मचवे पुन्हा समुद्रात जायला लागले होते. एका पहाटे बा उठला, पाय जमिनीला टेकवला आणि ओरडला. उजव्या अंगठ्याचं मूळ लालबुंद झालं होतं, कातडी ताणून चकचकीत झालेली. मुरगळला नव्हता, काही टोचलं नव्हतं, रात्री धडधाकट झोपला होता. हात लावला तर कढत लागे. चादरीचं टोक लागलं तरी त्याच्या डोळ्यांत पाणी येई. पाखट माशाचा विषारी काटा पोटरीत घुसला असताना स्वतः उपटून काढणारा माणूस हा, आणि चादरीला घाबरत होता.

शेजारच्या मावशीने पाहताक्षणी निदान केलं, "वात हाय." वातावरचा इलाज आमच्याकडे अख्ख्या वाड्याला पाठ. कढत तेल चोळायचं, वाळू भाजून शेक द्यायचा. मी मन लावून चोळलं, बाने मन लावून बोंब मारली. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा. मग पथ्य. वाल वातूळ, बटाटा वातूळ, वांगं तर नावच नको. आणि हाडांत ताकद यावी म्हणून रोज चिंबोरीचा, म्हणजे खेकड्याचा, रस्सा. मी पहाटे खडकांवर जाऊन भरलेल्या चिंबोऱ्या आणायची, ठेचून त्यांचा रस काढायची. सकाळी रस्सा, संध्याकाळी शिंपल्यांचं पाणी.

आठव्या दिवशी सूज उतरली. अंगठ्याची साल निघाली आणि बा चालू लागला, जसं काही झालंच नव्हतं. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. याचं दुखणं आलं हत्तीसारखं आणि गेलंही हत्तीसारखं. श्रेय सगळं चिंबोरीला मिळालं.

तीन महिन्यांनी डावा अंगठा. मग एकदा घोटा, मग गुडघा. दर वेळी आठ-दहा दिवस बा खाटेला आणि नंतर टुणटुणीत. खलाशांना ते पटेना. परवापर्यंत विव्हळणारा माणूस आज मचव्यावर उडी मारून चढतो कसा? "तांडेल सोंगं घेतंय," असं कुणी तरी म्हणालं. ते माझ्या जिव्हारी लागलं आणि पुढच्या खेपेला मी बाला बैलगाडीत घालून अलिबागेला डॉक्टरकडे नेलं.

दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टर नवा, घाईत, बोलणं भराभर. मी मासळीच्या वासाची पोर, म्हणून दाराबाहेरच उभी राहिले. आतून त्याचा आवाज आला, "दारू पिता का?"

"पेत होतो. सोरली."

"हं. मासळी कमी करा. दारूला शिवू नका, अजिबात." आणि मग कंपाउंडरला गोळ्या द्यायला सांगताना त्याने तो शब्द उच्चारला. मी ऐकला, "गावठी आहे ही."

गावठी म्हणजे काय ते आमच्याकडे पोरंटोरंही जाणत. दारूबंदीनंतर खाडीपलीकडच्या झुडपांत भट्ट्या लागत, रबराच्या ट्यूबांत भरून ती येई, आणि तिला सगळे गावठीच म्हणत. बाच्या पायात डॉक्टरला गावठी सापडली होती.

परतताना गाडीत मी विचारलं. बा म्हणाला, "मी पेलो नाय गं पोरी."

"मंग डॉक्टर खोटा बोलतंय?"

शब्द त्यानेही तसाच ऐकला होता, आणि शिकलेल्या माणसाला खोटं पाडायचं त्याच्या मनातही येईना. म्हणाला, "जुनी असंल. अंगान राहिली असंल." ही मला थापच वाटली. त्या वयात मला सगळं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मावशीने विचारलं, डॉक्टर काय म्हणाला. मी सांगितलं. रागाने सांगितलं आणि रडून सांगितलं. कुणी शत्रूने बाची बदनामी केली नाही, मी केली, माझ्या तोंडाने. संध्याकाळपर्यंत ते वाळवणाच्या ओट्यांवरून पार दुसऱ्या टोकाला पोहोचलं होतं. आता आठ दिवसांच्या सोंगाचा अर्थ सगळ्यांना लागला. पितो, पाय सुजतो, उतरली की चालतो.

तांडेल पीत असेल तर खलाशी त्याच्या मागे समुद्रात कसे जातील? त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. आधी दोघं सुटले, मग उरलेले. बाने एक हंगाम उसनी माणसं घेऊन ढकलला, आणि मग मचवा चुलतभावाच्या हाती दिला. मला वाटलं, तक्रार करणार कुठल्या तोंडाने?

आणि राग असला तरी मी पोर होते त्याची. डॉक्टरने मासळी कमी सांगितली होती, म्हणून बोंबील, मांदेली, बांगडा मी बंद केले. चिंबोरी वाढवली. चिंबोरी, शिंपल्या आमच्या लेखी मासळी थोड्याच? ते औषध. रागारागाने ठेचायची पण रोज ठेचायची, आणि बा मुकाट वाटी तोंडाला लावायचा. असं दोन वर्षं चाललं. दुखणं आता आठ दिवसांनी जाईना, महिना-महिना राही. बोटांच्या सांध्यांवर आणि कानाच्या पाळीवर टणक गाठी आल्या. जाळं विणायला बसला तर सुई बोटांतून गळून पडे.

एक दिवस बोटाची गाठ फुटली आणि आतून पांढरं आलं, ओल्या चुन्यासारखं. मी घाबरले. पुन्हा बैलगाडी, पुन्हा तोच डॉक्टर. या वेळी मी आत गेले.

डॉक्टरने बोट पाहिलं आणि माझ्यावरच उखडला. "मी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं ना, गाऊट आहे म्हणून? काय खायला घालतेस यांना?"

मी अभिमानाने सांगितलं. चिंबोरी, शिंपल्या, कधी कोलंबी, तोंडी लावायला जवळा. त्याने कपाळाला हात लावला.

मी म्हटलं, "पण तुम्ही तर दारूचा म्हणालेलात. गावठी."

तो आधी हसला. मग बाकड्यावर बसलेल्या बाच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू थांबलं. "अगं, गावठी नाही. गाऊट. रोगाचं नाव आहे ते." आणि मग त्या घाईच्या माणसाने वेळ काढून सांगितलं. रक्तात एक आम्ल वाढतं आणि मिठागरात मीठ धरतं तसे त्याचे खडे सांध्यात धरतात. बहुतेकदा अंगठ्यापासून सुरुवात. एकाएकी येतं, आपोआप जातं आणि पुन्हा येतं. त्यात सोंग नाही. दारूने वाढतं, पण कधीच न पिणाऱ्यालाही होतं. चिंबोरी, शिंपल्या, कोलंबी, सुकट, मटणाची कलेजी यांनी तर वाढतंच. दुखत असेल तेव्हा चोळायचं नाही, शेकायचं नाही. पाय उंच ठेवायचा, गार पाण्याची पट्टी ठेवायची, पाणी भरपूर प्यायचं. आणि वाल? थोडे वाल खाल्ल्याने काही होत नाही, म्हणाला.

पेशव्यांच्या घरात एकदा ध चा मा झाला, तो सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरातला कुणाला ठाऊक नाही.

परतताना मी गाडीत रडत होते. म्हटलं, वाड्यात पोहोचले की दारोदार सांगणार, माझा बा पीत नव्हता. बा म्हणाला, "नको. लोकांचा मना काय नाय वाटला." मग समोर बैलांकडे बघत म्हणाला, "तू खरा मानलंस, त्याचा वाटला." एवढंच. मी मात्र सांगितलं सगळ्यांना. खलाशी येऊन पाया पडून गेले. पण बाची बोटं सुकाणूभोवती मिटत नव्हती, मग मचवा परत घेऊन करायचं काय?

त्या दोन वर्षांत मी आणखी एक काम करत असे. बा बाहेरून आला की पाण्याचा तांब्या घेऊन दारात जायची आणि तो देताना त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. तंबाखूशिवाय कधी काही आलं नाही. तरी वाटायचं, आज सुटला, उद्या सापडेल. हे त्याच्या लक्षात आलेलं नाही अशी माझी खात्री होती.

अलिबागेहून आलो त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी बा किनाऱ्यावरून काठी टेकत घरी आला. मी तांब्या पुढे केला. त्याने तो लगेच घेतला नाही. आधी काठीवर भार देऊन खाली वाकला, तोंड माझ्या नाकाजवळ आणलं आणि हळूच श्वास सोडला.

मी म्हटलं, "बा, आता नको."

"व्हय की," तो म्हणाला, "इसरलो." आणि तांब्या घेऊन पाणी प्यायला.

त्यानंतर तो चार वर्षं जगला, आणि अधूनमधून विसरतच राहिला.