कंपाउंडरचा नंदी

लाकडाची पाटी हातात आली की तो आधी ती गालाला लावायचा, डोळे मिटून. आम्ही आरामशीनवर ओंडके चिरणारी माणसं लाकूड बोटाने पाहतो, नखाने पाहतो, ओलं की वाळलं ते नाकाने सांगतो. गालाने लाकूड पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

"इथं खरखर आहे गा, मिस्त्री," तो डोळे न उघडताच म्हणायचा.

"तुही दाढी वाढली असन," मी म्हणायचो. मी चिरलेल्या फळीला कोणी नाव ठेवलेलं मला खपत नव्हतं. आजही खपत नाही. खरखर होती की दाढी, ते आमचं शेवटपर्यंत ठरलं नाही.

तुमच्या मोहल्ल्यातही असा एखादा असेल, ज्याचं नाव कोणाला सांगता येत नाही पण घर आंधळाही दाखवतो. आमच्याकडे तो कंपाउंडर होता. एका डॉक्टरच्या दवाखान्यात खिडकीमागे उभा राहून लाल औषधाच्या बाटल्या भरायचा. त्या काळी बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवत. पट्टीला कात्रीने खाचा मारलेल्या, एक खाच म्हणजे एक डोस. बाकीचे कंपाउंडर सरळ खाचा मारून मोकळे व्हायचे. हा कागदाची घडी घालून अशी कात्री चालवायचा की उलगडल्यावर कडेने पाकळ्या निघायच्या. औषध संपलं तरी लोक बाटली फेकत नसत. आमच्या घरी तशा बाटलीत खोबरेल असायचं.

कागदावरून तो लाकडावर आला. फ्रेटवर्क म्हणतात त्याला. पातळ पाटीवर पेन्सिलीने चित्र काढायचं, आणि केसासारखं बारीक पातं असलेल्या करवतीने ते कापत जायचं. वेल, मोर, जाळी, काय वाटेल ते. पहिले त्याच्याकडे हातकरवत होती. मग एकदा बायको भिवापूरला माहेरी गेली असताना त्याने तिच्या शिलाई मशीनचं लोखंडी स्टँड सोडवलं, त्यावर सागाचे दोन दांडे बसवले, दांड्यांमध्ये पातं ताणलं. पायाने पायडल मारलं की पातं खालीवर, खालीवर. दोन्ही हात पाटी फिरवायला मोकळे. वहिनी मिरच्यांचं पोतं घेऊन परत आल्या तर मशीनचं मुंडकं खाटेवर पडलेलं.

"पहा ना भाऊजी, माही मशीन लंगडी करून ठेवली याईनं!"

"लंगडी कायले? हात लावून देतो ना तिले," तो म्हणाला. आणि खरंच हाताने फिरवायचा दांडा लावून दिला. वहिनी तेव्हापासून एका हाताने दांडा फिरवत, दुसऱ्या हाताने कापड सरकवत आणि तोंडाने त्याला बोलत शिवायच्या. तो पायडल मारत ऐकायचा. दोघांचं बरं चालायचं.

कामाची त्याची एक रीत होती. "आधी पोट, मग काठ." म्हणजे आतली नक्षी आधी. भोक पाडायचं, पातं सोडून त्यातून ओवायचं, पुन्हा ताणायचं, आतलं सारं कापायचं, आणि बाहेरची कड अगदी शेवटी. बाहेरचं लाकूड असेस्तोवर पाटी धरायला जागा राहते, नक्षीला आधार राहतो. कड आधी सोडवली की आतलं कापताना काहीतरी मोडतंच. आमच्या आऱ्यावर नेमकं उलटं. ओंडका आला की आधी बाहेरचे सालपे उडवायचे, मग पोटात शिरायचं. यावरून आमची जुंपायची.

"तुमचं कसायाचं काम आहे."

"आन् तुहं बायकाईचं."

"बायकाईचं तं बायकाईचं. तुले जमते का? लाव बरं एक गुंडी शर्टाले."

मला जमत नाही. दोन माणसांना न हलणारा ओंडका मी एकट्याने गाड्यावर चढवला आहे, पण सुईत दोरा ओवून घ्यायला मला घरच्यांचं तोंड पाहावं लागतं. तो ते जाणून होता.

विहाराच्या खिडकीतली पिंपळपानांची जाळी त्याच्या हातची. किराणावाल्याच्या दुकानातला लाकडी मोर त्याच्या हातचा. पण मोहल्ला त्याला ओळखायचा तान्ह्या पोळ्यासाठी. विदर्भाबाहेरच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात पोरांचा पोळा भरतो. लाकडाचा नंदी, पायाखाली चाकं, गळ्यात दोरी. पोरं नटूनथटून मैदानात नंदी ओढत आणतात, आयाबाया नंदीची पूजा करतात. मोहल्ल्यात वर्षभरात जे लेकरू चालायला लागेल त्याचा पहिला नंदी कंपाउंडरने द्यायचा, असा रिवाजच पडला होता. बाजारचे नंदी रंगवलेले. याच्या नंदीची झूल सगळी आरपार जाळीची.

त्याची एकुलती एक मुलगी काटोलला दिली होती. तिला मुलगी झाली, मुलगी पाऊल टाकू लागली, आणि कंपाउंडर साऱ्या गल्लीला सांगत सुटला, "या पोळ्याले माह्या नातीचा नंदी."

समोरच्या घरची म्हातारी फटकळ. ती ओट्यावरून ओरडली, "पोरीले कायचा नंदी रे बाबू?"

"नंदीले काय समजते वं मावशे, दोरी कोनं धरली ते?"

म्हातारी पदरात हसली. कंपाउंडर माझ्याकडे आला आणि शिवणीची पाटी मागितली. शिवणीचं लाकूड मऊ, फिकट, पात्याला त्रास देत नाही. मी चांगला वाळलेला तुकडा निवडून स्वतः चिरून दिला. मजुराला हात लावू दिला नाही.

पाच-सहा दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो तर पायडल चालू होतं. मी दारातच उभा राहिलो. पेन्सिलीने काढलेला नंदी मोठा देखणा होता. शिंगं, वशिंड, झुलीवर बारीक जाळी. आणि कंपाउंडर बाहेरची कड कापत होता. पोट आतून कोरंच.

मला वाटलं, नवीन काही युक्ती असेल. तरी म्हटलं, "कंपाउंडर, पोट राहिलं ना."

"घेतो ना आता," तो म्हणाला. कड पुरी झाली. मोकळा नंदी हातात धरून त्याने पोटात भोक पाडलं, पातं ओवलं. दुसऱ्याच वळणावर पाठीकडून काडकन दोन तुकडे.

त्याने तुकड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "लाकूड कच्चं देल्लं तू."

बाकी काहीही म्हणाला असता तर मी ऐकून घेतलं असतं. मी तिथून तडक निघून आलो. 

दुसऱ्या दिवशी सकाळी हा आरामशीनवर हजर, हसत. "मिस्त्री, एक शिवणीची पाटी पायजे गा. नातीचा पयला पोळा आहे."

मला वाटलं भांडण मिटवायची ही त्याची रीत. मी गुमान पाटी दिली. आठवडा गेला नाही, पुन्हा तो, तेच हसू, तेच शब्द. "नातीचा पयला पोळा आहे." तेव्हा माझे हात आऱ्यावरच थांबले. मागच्या भांडणाची खूण त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती.

संध्याकाळी वहिनी आल्या. डोक्यावरचा पदर दातात धरून बोलत होत्या. दवाखान्यातून त्याला घरी बसवलं होतं. डॉक्टर भला माणूस. आराम करा एवढंच म्हणाला. एकाची बाटली दुसऱ्याच्या हातात जाता जाता राहिली होती.

"घरी दोन नंदी मोडून पडले, भाऊजी. मोडला का लेकरावानी रडतात. सकाळी उठले का विसरतात, आन् पुन्हा तुमच्याकडं येतात. तुमी पाटीच नका देऊ त्याईले."

मी हो म्हटलं. पुढच्या वेळी तो आला तेव्हा सांगितलं, शिवण संपली. तो गेला नाही. फाटकापाशी, भुश्श्याच्या ढिगाजवळ उभा राहिला. मजूर जेवले, पुन्हा आरा सुरू झाला, तो उभाच. 

"काहून उभा आहे गा?" मी म्हटलं.

"गाडी येईन ना लाकडाची. थांबतो."

मी पाटी चिरून दिली. तुम्ही काय केलं असतं ते तुमचं तुम्ही पाहा.

पण मी हटवादी माणूस, मोडेल तर मोडू दे म्हणून गप्प बसणारा नाही. त्या पाटीवर मी कोळशाने पोटात मोठी फुली मारली, इथून सुरू कर म्हणून. त्याने ती ओल्या फडक्याने पुसली. "कोनं घाण केली पाटी?" मग मी रोज कामावरून सुटलो की त्याच्याजवळ स्टूल टाकून बसायला लागलो. त्याने पाटी कडेकडून पात्याला लावली की म्हणायचं, "पोट, कंपाउंडर, पोट आधी."

पहिल्या दिवशी त्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी पायडल थांबवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी जन्मात विसरणार नाही. "तू आरेवाला. तू मले शिकवते काय?"

मी स्टूल उचललं आणि घरी आलो. ओंडका अडला तर पहार लावता येते, पट्टा सुटला तर चढवता येतो. इथे पहार कुठे लावू?

पोळा चार दिवसांवर आला तेव्हा त्याचं बोट पात्यात गेलं. वहिनींनी चिंधी बांधली आणि तो झोपला असताना पातंच काढून लपवलं. बाजारातून एक रंगवलेला नंदी आणून खाटेखाली ठेवला. मुलगी लेकराला घेऊन काटोलहून आली. त्या दुपारी मीही तिथेच होतो. कंपाउंडर उठला, पाटी घेतली आणि मशीनवर बसला. पायडल सुरू झालं. वरचे दांडे खालीवर होत होते. मध्ये पातं नव्हतं. त्याच्या ध्यानात आलं नाही.

पेन्सिलीच्या रेषेवरून तो पाटी सावकाश फिरवत राहिला. शिंगाच्या टोकाशी हात हळू करत होता, वळणावर मनगट वळवत होता. आणि त्या दिवशी त्याने आधी झूल घेतली. सगळी जाळी आतून संपवली, मग कडेला आला. मी पाहत होतो. मुलीने तोंडावर हात दाबला होता. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

पायडल थांबलं. "झाला," तो म्हणाला आणि अख्खी पाटी मुलीच्या हातात दिली. "जपून वं. शिंगं नाजूक आहेत."

मुलीने ती दोन्ही हातांनी घेतली. "चाकं लावून द्या ना, काका," ती मला म्हणाली. तेवढं मला जमण्यासारखं होतं. मी चाकं लावली.

तान्ह्या पोळ्याला मैदानात नंद्यांची रांग लागली. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. त्या रांगेत कंपाउंडरची नात नवा झगा घालून एक चौकोनी फळी ओढत होती, फळीवर पेन्सिलीचा नंदी. एक पोरगा ओरडला, "अबे, हे तं फळी आहे!" कोणीतरी त्याच्या टाळक्यात मारली. समोरची फटकळ म्हातारी आरतीचं ताट घेऊन आली, फळीसमोर वाकली, आणि डोळे बारीक करून मला हळूच म्हणाली, "तोंड कोनत्या बाजूनं हाय रे?" मी बोट दाखवलं. तिने बरोबर कपाळावर कुंकू लावलं.

कंपाउंडर खुर्चीत बसून होता. गर्दीतून त्याला नीट दिसत नसावं. त्याने माझी बाही ओढली.

"तुटला नाही ना गा?"

"नाही तुटला."

"कुठंच नाही?"

"कुठंच नाही, कंपाउंडर."

त्याने बाही सोडली.

दोघांना आता काटोललाच ठेवायचं असं मुलीने ठरवलं. हिवाळ्यात तिकडून निरोप आला, मी मातीला जाऊन आलो. पण त्याची आठवण निघाली की मला ती माती दिसत नाही, एसटी स्टँड दिसतं. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना बसवून द्यायला गेलो होतो. पुढच्या सीटवर वहिनी, मुलगी आणि मांडीवर झोपलेली नात. मागच्या सीटवर तो, मांडीवर ती फळी घेऊन.

खिडकीतून त्याने मला हाक मारली. "चढ ना गा, मिस्त्री. काटोलले जाऊन येऊ. नातीले नंदी द्याचा आहे."

नात त्याच्या पुढ्यातच झोपली होती. मी म्हटलं, "तू हो समोर. मी येतो मागून."

"मागून कायले? जागा धरली ना तुह्यासाठी."

खरंच, शेजारच्या जागेवर त्याने रुमाल पसरून ठेवला होता. कंडक्टरने घंटी मारली. संत्र्याच्या रिकाम्या टोपल्या घेतलेला एक माणूस त्या जागेशी येऊन उभा राहिला. बस वळेपर्यंत मला दिसत होतं, कंपाउंडर रुमालावर पंजा ठेवून त्याला मान हलवून नाही म्हणत होता.