फक्त वस्तीनंतर पुसलेलं मशीन

आमचे मोठे सर कागद उलटताना अंगठा जिभेला लावायचे. हजेरी असो की पेपरचा गठ्ठा, जीभ बाहेर यायची, अंगठा ओला व्हायचा आणि पान उलटायचं. कित्येक वर्षं मी ते बघत आले होते, कधी काही वाटलं नव्हतं. कोरोना आला आणि त्याच अंगठ्यानं उलटलेलं पान मी कोपऱ्याला चिमटीत धरायला लागले.

आम्ही तिघं लातूरहून रेणापूरच्या पुढच्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर जायचो. गाडी मोठ्या सरांची. चालवायचे तेच. मागे मी आणि आमच्या धाकट्या बाई, नुकत्याच नोकरीला लागलेल्या, सासू-सासऱ्यांच्या घरात नव्या सूनबाई. सर शाळेत सगळ्यात जुने. गावात त्यांची सोयरीक होती, मुख्याध्यापकांपेक्षा त्यांच्या शब्दाला वजन होतं. बोलायला गोड माणूस. माझ्या डब्यातलं मात्र त्यांनी कधी काही घेतलं नाही. "आज उपवास हाय, बाई," म्हणायचे. आठवड्याच्या सगळ्या वारी त्यांचा माझ्या डब्यापुरता उपवास असायचा. आम्ही बौद्ध आहोत, हे मला वेगळं सांगायला नको होतं, आणि त्यांनाही नको होतं.

शाळा बंद झाल्या आणि शिक्षकांना घरोघरच्या पाहणीचं काम लागलं. प्रत्येक घरी जायचं, कपाळासमोर ती बंदूक धरून ताप बघायचा, बोटाला चिमट्यासारखं मशीन लावून ऑक्सिजन बघायचा आणि कागदावर लिहायचं. आमच्या तिघांत मशीन एकच. ते सरांच्या खिशात.

धाकट्या बाई दोन मास्क लावायच्या, त्यावरून ओढणी गुंडाळायच्या, गळ्यात कापूर-ओव्याची पुरचुंडी. गाडीत बसल्या की घरी पोचेपर्यंत तोंड उघडायच्या नाहीत, जणू बोललं तरी लागण होईल. सरांचा मास्क हनुवटीखाली. तंबाखूसाठी तोंड मोकळं लागायचं. मळायचे, ओठात दाबायचे, काच खाली करून थुंकायचे, आणि वारं उलटं असलं की त्यातले शिंतोडे मागच्या काचेवर यायचे. माझ्या बाजूच्या काचेवर. तो तपकिरी ओघळ वाळेपर्यंत मी दुसरीकडे बघत राहायची.

"सर, मास्क लावा ना जरा."

"अहो बाई, आपल्या मातीतल्या माणसाला काय होतंय? हे पुण्या-मुंबईचं दुखणं हाय. खामखा परेशान होऊन राहिल्यात तुम्ही."

घरी वेगळीच कथा. आई माझ्याजवळ राहायची. तिला दमा, म्हणून मी घरात कडक नियम लावले होते. भाजी मिठाच्या पाण्यात, चपला बाहेर, बाहेरून आलं की आधी अंघोळ. एका संध्याकाळी शेजारच्या म्हातारीजवळ आई पायरीवर अगदी खेटून बसलेली दिसली. मी फाटकातूनच ओरडले, "आई, लांब बस! लांब राहा म्हणून किती वेळा सांगायचं?"

ती उठली, आत गेली आणि जेवलीच नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "लांब राहा हे मला सांगू नगंस. लहानपणी देवणीकडं मालकाच्या खळ्यावर आईबरोबर जायची मी. वरून पाणी ओतायचे ओंजळीत. निम्मं कोपरावरून सांडायचं. लांब राहा, लांब राहा. आता तूबी तेच म्हनाय लागलीस?"

आजार खरा होता, दमाही खरा होता. आणि आईच्या ओंजळीतलं ते पाणीही खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी तो शब्द घरात वापरायचा बंद केला. "आई, तुझ्या छातीला जप," एवढंच म्हणायची. मास्क तिने कधी मनापासून लावला नाही, पण पदर नाकाला धरायला लागली. "हे मी माज्यासाठी करते," असं बजावून.

पाहणीत आम्ही आधी गावातली घरं करायचो. सर ओसरीवर ऐसपैस बसायचे. चहा यायचा. बशीत ओतून फुर्र करून प्यायचे, तीच बशी यजमानही विसळून घ्यायचा, ती विसळणी म्हणजे बशीत बोटभर पाणी फिरवणं. मग मशीन फिरायचं. शेणाने, मातीने, चुन्याने भरलेली बोटं एकामागून एक त्या चिमट्यात जायची. कुणी त्याच हाताने नाक शिंकरलेलं. आकडा दिसला की सर अंगठा ओला करून कागद उलटायचे आणि मशीन पुढच्या बोटाला. पुसणं नाही, काही नाही. मी माझ्या पर्समधली बाटली पुढे केली तर म्हणायचे, "राहू द्या. घरची माणसं हायेत."

शेवटी बौद्ध वस्ती. समाजमंदिराच्या अलीकडेच सर थांबायचे. मास्क हनुवटीवरून नाकावर चढायचा. मशीन माझ्या हातात द्यायचे. "बाई, तुम्ही जाऊन या. तुमचीच माणसं हायेत, तुमच्याशी मोकळं बोलतेत."

मी जायची. वस्तीत बायकांनी आपापल्या दाराशी पाण्याची बादली आणि साबणाची वडी ठेवलेली असायची. पोरं हात धुऊन, बोटं पुढे करून रांगेत उभी राहायची. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतही हेच. मी काम उरकून परत यायची तेव्हा सर कट्ट्याकडे बोट दाखवायचे. "ठेवा तिथं. तिथंच ठेवा." मग खिशातून सॅनिटायझर काढायचे, मशीनवर फसफस मारायचे, कापसाने बिजागरीच्या खाचेतसुद्धा पुसायचे आणि तो कापूस लांब फेकून द्यायचे. त्यानंतर स्वतःचे हात, मनगटापर्यंत.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, सरांना भीती कळली. त्यांच्याकडे सॅनिटायझर आहे हेच मला नवीन होतं. मग दुसऱ्या दिवशी तेच. त्यानंतरही तेच. गावात कुठेच नाही, फक्त वस्तीवरून आल्यावर. ते लक्षात आलं तेव्हा मी गाडीजवळ उभी होते. तोंडात आंबट पाणी आलं. गाडीच्या पलीकडे जाऊन मी खरंच ओकले. सर म्हणाले, "ऊन लागलं का, बाई? लिंबू पाणी घ्या."

दुसऱ्या दिवशी वस्तीत एका म्हाताऱ्याने बोट पुढे करत विचारलं, "सर आत येत न्हाईत का?"

मी म्हटलं, "नाही येत."

तो हसला. "त्यांचा कोरोना जुना हाय, बाई. तुमच्या मशीनवर दिसायचा न्हाई."

पुढच्या पाहणीला मी गाडीतच मशीन मागून घेतलं. सर म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, "आज मी लावते, तुम्ही लिहा." गावातल्या मोठ्या घराच्या ओसरीवर चार-पाच पुरुष बसले होते. पहिल्याचं बोट झालं. मी बाटली काढली, कापूस ओला केला आणि सगळ्यांसमोर मशीन खाचेपर्यंत पुसलं. मग दुसऱ्याला लावलं. परत पुसलं.

घरधनी म्हातारे होते. त्यांनी हात मागे घेतला. "हे काय? आमच्या घरात घाण हाय का?"

"नाही, बाबा. आजार कुणाच्या बोटावर आहे ते दिसत नाही. म्हणून प्रत्येकानंतर पुसायचं असतं."

"इतके दिवस तर कुणी पुसलं न्हाई!"

"तेच चुकत होतं."

सर मध्ये पडले. "जाऊ द्या, आबा. बाईंना जरा जास्तीचंच लागतंय."

तेवढ्यात आतून म्हाताऱ्यांची बायको उंबऱ्यापाशी आली. "पुसू द्या की! त्या म्हनतेत ते खरं हाय. टीव्हीवर काय सांगून राहिलेत, ऐकलं न्हाई का? बाई, माजं बोट बघा, आन् आधी नीट पुसा." त्या बाईचे मी आजही उपकार मानते. आबांनी मात्र बोट दिलं नाही ते नाहीच. मी खुर्चीला हात टेकला होता, त्या जागेकडे ते बघत बसले.

परतीच्या वाटेवर सरांनी खड्डे न चुकवता गाडी हाणली. मग म्हणाले, "आज तुम्ही माझी इज्जत घालवली."

"सर, वस्तीवरून आल्यावर तुम्ही मशीन का पुसता?"

"अहो, तिकडं दाटीची घरं. स्वच्छता नसते."

"तिथं दारोदार साबण आहे. आज ओसरीवर होता का?"

त्यांनी काच खाली केली, थुंकले आणि म्हणाले, "तुम्ही लोक कुठल्याही गोष्टीत तेच आणता." धाकट्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. ओढणीतून फक्त डोळे दिसत होते, आणि ते डोळे माझ्याकडे वळले नाहीत.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "कापूस लांब फेकायचा?" मी हो म्हटलं. ती उठून भाकरी थापायला गेली. त्या दिवशी भाकरी थापतानाचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

पुढच्याच आठवड्यात सर खोकायला लागले. कोरडा, खोल खोकला. डोळे लाल. मी विचारलं तर म्हणाले, "पंख्याखाली झोपलो." नंतर कळलं, घरात सगळ्यांना ताप होता आणि तपासणी करायची नाही असं सरांनीच ठरवलं होतं. पुतण्याची सुपारी फुटायची होती, लग्न ठरायचं होतं, पाहुण्यांत बोभाटा नको. सुपारी झाली, पंगत झाली. आणि हा माणूस काचा लावून, एसी चालू करून, आम्हा दोघींना मागे बसवून गाडी चालवत होता.

रेणापूरच्या फाट्यावर मी म्हटलं, "गाडी थांबवा."

"काय झालं?"

"मला उतरायचंय. घरी दमेकरी आई आहे. बाई, तुम्हीही उतरा."

धाकट्या बाईंनी सरांच्या पाठीकडे बघितलं, मग मांडीवरच्या पर्सकडे. त्या उतरल्या नाहीत. मी उन्हात उभी राहिले आणि नवऱ्याला फोन करून स्कूटर घेऊन बोलावलं.

सरांना लातूरला खाट मिळाली नाही, नांदेडला न्यावं लागलं. धाकट्या बाई आजारी पडल्या आणि त्यांच्या मागोमाग सासरे. सासऱ्यांना ऑक्सिजनवर ठेवलं होतं. वाचले, पण नंतर चार पावलं चालले की भिंत धरायचे. मला आणि आईला काही झालं नाही. त्याचा आनंद करावा असं वाटेना. सर मरावेत असं मला कधी वाटलं नाही. ते बरे झाल्याचं कळलं तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला, हे खरं सांगते. पण त्या सुटकेखाली शिसारी होती तशीच होती.

शाळा उघडल्यावर गावाने सत्कार ठेवला. कोरोना योद्धा म्हणून. शाल, नारळ, फेटा, सगळं मोठ्या सरांना. आम्हा दोघींना गुलाबाचं एकेक फूल. सर बोलायला उभे राहिले. आजारपणाचं बोलले, डोळ्यांत पाणी आलं, ते पाणीही खोटं नव्हतं. मग म्हणाले, "आपले पूर्वज येडे नव्हते. सोवळं म्हणा, शिवाशिव म्हणा, त्यात शास्त्रच होतं. आज सगळं जग अंतर पाळून राहिलंय का न्हाई?"

टाळ्या पडल्या. भरपूर. टाळ्या वाजवणाऱ्यांत मुख्याध्यापक होते, सरपंच होते. मागे खांबांना टेकून वस्तीवरचे काही पालक उभे होते, त्यांचे हात खाली होते. माझ्या अंगावर काहीतरी चिकट, कोमट पडल्यासारखं झालं.

आभार मानायचं माझ्याकडे होतं. मी पाहुण्यांचे मानले, मंडपवाल्याचे मानले. मग मी म्हणाले, "आता वस्तीवरच्या बायकांचे. त्यांनी कुणी न सांगता दारात साबण ठेवला. आणि एक खुलासा करते. आपलं ऑक्सिजनचं मशीन गावातल्या घरांमध्ये पुसलं जात नव्हतं. फक्त वस्तीवरून आल्यावर पुसलं जायचं. सरांनी आत्ता शास्त्र म्हटलं. त्या शास्त्रामुळे वस्तीवर कुणाला लागण झाली असती तर ती गावातल्या बोटांवरून आलेली असती. शिवाशिवीनं आजार अडत नाही. माझ्या आईला ओंजळीत पाणी वाढलं ते कुठल्या आजारामुळं नव्हतं."

सर फेट्याखाली लाल झाले होते. मुख्याध्यापक उठून म्हणाले, "चहापान आहे, सगळ्यांनी लाभ घ्यावा." लोक उठले, खुर्च्या सरकल्या, आणि थोड्या वेळात बिस्किटांवरून बोलणी सुरू झाली. मला वाटलं होतं भांडण होईल. भांडणसुद्धा झालं नाही.

संध्याकाळी धाकट्या बाईंचा फोन आला. रडत होत्या. "बाई, मी त्या दिवशी उतरायला पाहिजे होतं. माझ्या सासऱ्यांना माझ्यामुळं झालं. उद्यापासून मी तुमच्याबरोबर एसटीनं येते."

त्या आल्या. आम्ही दोघी स्टँडवर शेजारी उभ्या राहिलो, त्यांनी माझ्या डब्यातली शेंगाचटणी खाल्ली. आठवडाभर असं चाललं. मग उन्हं वाढली, एसटी उशिरा यायला लागली, घरी सासूबाईंची कुरकुर सुरू झाली. एका सकाळी मी स्टँडवर उभी असताना सरांची गाडी समोरून गेली आणि मागच्या काचेआड मला त्यांची ओढणी दिसली. शाळेत भेटल्यावर म्हणाल्या, "बाई, समजून घ्या."

मी समजून घेतलं. रागही नाही आला. नंतर माझी बदली नांदेड जिल्ह्यात झाली, किनवटकडच्या निवासी शाळेवर, आणि आई माझ्याबरोबर आली. इथं तिची बायकांशी लगेच गट्टी जमली. सकाळी पायरीवर त्या खेटून बसतात, आणि मी आत चहा ठेवते.