वेणूबाईंनी जगाला दिलेला मसाला

वाघोलीत वेणूबाई सातवांच्या काळ्या मसाल्याला तोड नव्हती, आणि तो कसा करायचा हे त्या कुणालाही सांगत. विचारायचा अवकाश! फक्त सांगताना एक जिन्नस गाळायचा आणि एकाचं माप फिरवायचं, हा त्यांचा नेम. हे पाप एकट्या वेणूबाईंचं नव्हे. डंकावर मसाला कुटायला आलेली प्रत्येक बाई आपल्या पिशवीवर पदर टाकून बसते आणि शेजारणीला तोंडभरून खोटं सांगते. याला तिथे कुणी लबाडी म्हणत नाही.

पुढे शेतात इमारती उभ्या राहिल्या, वेणूबाईंच्या हाती फोन आला आणि त्यांच्या शेजारणी हजारांनी वाढल्या. पाककृतींच्या एका ग्रुपवर त्यांनी सहा वर्षं हाच मसाला लिहिला. दगडफूल गाळलं, आणि किलोभर मिरचीला बाद्यान, म्हणजे चक्रीफूल, दोन तोळ्यांऐवजी लिहिलं पाव किलो! ज्यांचा मसाला बिघडे त्यांना त्या मायेने कळवत, "बाई गं, मिरची नीट वाळली नसंल." मिरची बिचारी काय बोलणार?

यंदा आषाढात आठ दिवस बहिणीकडे राहून त्या रविवारी घरी आल्या, तर सैपाकघरात रस्सा रटरटत होता. आखाडाच्या मटणाला लेक-जावई यायचे होते. सून ऋतिका कर्वेनगरची, हिंजवडीत नोकरीला, लग्नाला तीन वर्षं झालेली. घाम पुसत म्हणाली, "आई, मसाला संपला होता. मीच केला."

वेणूबाईंनी रस्सा चाखला. तोंडात दंतमंजन गेल्यासारखं झालं.

"कुनी सांगितला ह्यो मसाला?"

ऋतिकाने फोन पुढे केला. तिने एआयला वाघोलीकडचा काळा मसाला विचारला होता आणि त्याने मोठ्या आत्मविश्वासाने दिलाही होता. दगडफुलाचा पत्ता नाही. बाद्यान पाव किलो. शेवटी आणखी एक सल्ला, की मसाला बिघडल्यास मिरची नीट वाळली नसेल.

"अगं, हे तर मी लिवलंय!"

"त्या ग्रुपच्या कंपनीने सगळ्यांचं लिखाण एआयवाल्यांना विकलं, आई," मुलगा विश्वजीत हसू दाबत म्हणाला. "तुझंच वाचून ते शिकलंय."

"मेल्यांनो, इकायचं तर मला इचारायचं तरी! खरं दिलं असतं."

"दिलं असतंत?" ऋतिकाने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, हीच पंचाईत. "मला तुम्ही दोनदा सांगितलात मसाला. दोन्ही वेळा वेगळा. म्हणून मी मशीनला विचारलं. म्हटलं, ते तरी मला परकं समजणार नाही."

वेणूबाईंना आपली सासू आठवली. तिने त्यांना खरा मसाला अकरा वर्षांनी सांगितला होता, तोही अंथरुणाला खिळल्यावर. तोवर वेणूबाईंची सासूवरची माया आटून गेली होती. आता तो खरा मसाला एकट्या त्यांनाच ठाऊक होता. त्या गप्प राहिल्या असत्या, तर जगात मशीनचाच मसाला खरा ठरला असता, आणि या पोरीचीही माया हळूहळू आटली असती.

त्यांनी गॅस बंद केला.

"जावयाला आज वरणभात चालंल," त्या म्हणाल्या, आणि विश्वजीतला बाहेर घालवून त्यांनी कढई ठेवली. मिरच्या आणि खोबरं भाजून झालं. मग दगडफुलाची पुडी त्यांनी सुनेच्या हाती दिली.

"हे पण घालतात?" ऋतिका बघतच राहिली. "किती घालू?"

वेणूबाईंच्या तोंडात सवयीने खोटं माप आलं. त्यांनी ते गिळलं. सुनेचा हात धरून त्यांनी पुडीत घातला आणि तिची बोटं आपल्या बोटांनी मिटवली.

"येवढं," त्या म्हणाल्या. "आजपासून या घरात तुझी मूठ हेच माप."