लान-सानची पौर्णिमा

कावासाकीतल्या अकरा वर्षांपैकी शेवटची तीन वर्षं ज्ञानदा महिन्यातून दोनदा कुणाच्या तरी समोर बसून जेवली. नवरा, प्रसन्न, ऑफिसातच जेवून येई. मुलगी केतकी सेंदाईला शिकत होती. आईच्या मराठीला फोनवर जपानीत उत्तर द्यायची. एरवी ज्ञानदा ओट्याशी उभ्याउभ्याच उरकायची.

स्टेशनमागच्या व्हिएतनामी हॉटेलात तिनं पहिल्यांदा मोडक्या जपानीत सांगितलं, "मांस नको, मासे नकोत," तेव्हा मालकीण लान-सान हसली होती. "मग पौर्णिमेला ये, नाहीतर अमावास्येला. तेव्हा मीही खात नाही."

त्या दोन दिवशी हाडांच्या रश्शाऐवजी मुळा आणि मशरूम उकळत. तांदळाच्या शेवया, तोफू, वर पाला. लान-सान दोन वाडगे आणून समोर बसायची.

"उपास ना तुझा? मग एवढं खातेस कशी?" ज्ञानदा विचारायची.

"आमच्याकडे उपासालाच जास्त खातात."

दोघींच्या कॅलेंडरांत कधीकधी दिवसाचा फरक पडे, म्हणून लान-सान निघताना पुढची तारीख सांगायची. गेल्या अमावास्येला ज्ञानदा कोबेला होती, घर बघायला. प्रसन्नची बदली झाली होती. येत्या शनिवारी सामान हलणार होतं.

"अगं, फोन करून सांग की तिला," प्रसन्न म्हणाला.

"नंबर कुठाय? कधी लागलाच नाही. पौर्णिमा असते ना."

सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेल्या कॅलेंडरात पाहून, नारळाच्या वड्यांचा स्टीलचा डबा घेऊन ती दुपारी गेली. दार उघडताच हाडांच्या रश्शाचा वास आला.

"काल का नाही आलीस?" लान-सान हातातले ट्रे न ठेवताच म्हणाली.

"पौर्णिमा आज आहे."

"काल होती." तिनं हनुवटीनं भिंतीकडे दाखवलं. रोज पान फाडायचं कॅलेंडर. मोठ्या तारखेखाली चंद्राची बारीक तारीख. सोळा. "दोन वाडगे केले होते. तुझा, हॉटेल बंद करेपर्यंत झाकून ठेवला."

ज्ञानदापुढे नुसत्या शेवया आल्या, पाला आणि शेंगदाण्याचं कूट घातलेल्या. समोरच्या खुर्चीवर तिनं पर्स ठेवली. गर्दी हटेना. लान-सान काउंटरमागे उभ्याउभ्या आपला मांसाचा वाडगा संपवत होती.

ज्ञानदा उठली तेव्हा लान-साननं कालचं फाडलेलं पान शोधून त्यामागे तारीख लिहिली. "सत्तावीस. गुरुवार. या वेळी तुझं कॅलेंडर बघू नकोस."

सांगायचं ते आता दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मागे तिघंजण टेबलासाठी उभे होते.

"हो," ज्ञानदा म्हणाली आणि डबा काउंटरवर ठेवला.

लान-साननं झाकण उघडून वास घेतला. "थांब, रिकामा करून देते."

"राहू दे. अमावास्येला दे."