चपलांच्या रॅकजवळची बॅटरी

आमच्या घरात दुपारी एक ते चार बाबा झोपतात. कमरेचं हाड मोडल्यापासून ते वॉकर घेऊन चालतात, पण घरातली शिस्त अजून त्यांचीच. ते निवृत्त शिक्षक, मी सकाळच्या शाळेतली शिक्षिका. विश्रांतवाडीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच राहतो.

मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तेव्हा पार्किंगमधल्या चार्जिंगचा वाद सोसायटीच्या मीटिंगमध्ये अडकलेला होता. त्यामुळे बॅटरी काढून वर आणायची आणि दाराच्या आत, चपलांच्या रॅकजवळ चार्जिंगला लावायची. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात जन्म काढलेले, खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अहो बाई, पळायला वाट एकच, आणि तिथेच हे मांडून ठेवलंय?"

"काका, बॅटरी आहे ती, सुतळी बॉम्ब नव्हे," मी म्हटलं. आपल्याच विनोदावर मी दिवसभर खूश होते.

चार्जरचा पंखा मात्र घरघरायचा. "दारात गिरणी कधी टाकलीस?" बाबांनी विचारलं. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी एक जुनी गोधडी चौपदरी करून चार्जर आणि बॅटरीवर पांघरली. आवाज बंद. महिनाभर रोज हेच केलं, आणि इतकी साधी युक्ती आधी कशी सुचली नाही याचं मला नवल वाटे.

त्या दुपारी मी हॉलमध्ये वह्या तपासत होते. नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला. मग बारीक फुसफुस. गोधडी मधोमध काळी पडत होती. मी टोक धरून ती ओढली आणि खालून जाळ वर आला.

मी किंचाळले. दार उघडून बाहेर पडले. कशी पडले ते आठवत नाही, अनवाणी पायांना लागलेली जिन्याची गार फरशी तेवढी आठवते. काकांच्या दारात पोचले तेव्हा तोंडून निघालं, "बाबा वर आहेत." तोवर ते मला आठवलेच नव्हते.

मी परत फिरले, तर काकांनी दंड घट्ट धरला. काळा धूर जिन्यात उतरत होता. "वर जायचं नाही," ते म्हणाले आणि मला ओढतच अंगणात घेऊन गेले. अग्निशमनला फोन लावला आणि वर तोंड करून ओरडले, "मास्तर, खोलीचं दार लावा! फटीत चादर कोंबा! खिडकीशी या!"

उत्तर नाही. आत फटाफट काहीतरी फुटत होतं. मी "बाबा, बाबा" ओरडत राहिले, घसा बसेपर्यंत. अंगणात माणसं जमली आणि मला त्या सगळ्यांचा राग येत होता. सगळ्यात जास्त माझा.

बऱ्याच वेळाने ग्रिलच्या गजांवर बाबांचा हात दिसला. मग बनियन. ते खोकत होते, पण उभे होते. चोरांच्या भीतीने बसवलेलं ते ग्रिल मीच पक्कं करून घेतलं होतं. जवानांनी शिडी लावून ते कापलं आणि बाबांना खाली आणलं.

दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा सांगत, "पोरगी वेळेवर मदत आणायला धावली, म्हणून वाचलो." मी मान खाली घालून संत्री सोलत बसे. तिसऱ्या दिवशी खोलीत कोणी नव्हतं. मला राहवेना.

"बाबा, मी मदत आणायला नव्हते गेले. मी नुसती पळाले."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुझ्या किंकाळीने जागा झालो. उठून बसलो, तर खोलीच्या उघड्या दारातून तुझी पाठ दिसली."

"मग हाक का नाही मारलीत?"

त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"मारली असती तर तू परत आली असतीस."